स्वस्तातली डिस्क आणि भरवशाचं गणित

साडेतीन इंची हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते तेव्हा तिची बाहेरची कड ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यावरचा मजकूर वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगत राहतं, आणि दोघांमधलं अंतर असतं काही नॅनोमीटर. डीएनएचा धागा सुमारे दोन नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे या फटीत असे दोन-तीन धागे जेमतेम मावतील. त्याहून नवलाची गोष्ट अशी की हेडच्या टोकाशी एक अतिसूक्ष्म हीटर असतो. वाचायची किंवा लिहायची वेळ आली की तो तापतो, टोक किंचित फुगतं आणि तबकडीच्या आणखी जवळ जातं. काम झालं की ते गार होऊन पुन्हा मागे सरतं. हा सगळा खेळ दुकानात काही हजार रुपयांना मिळतो आणि आपण तो टेबलाखाली ठेवून विसरून जातो.

१९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेली पहिली हार्ड डिस्क टनभराहून जड होती. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावायची. आज मोबाइलने काढलेला एखादा फोटो तेवढी जागा खातो. त्या यंत्रातलं हेड तबकडीपासून सुमारे २० मायक्रॉन वर राहायचं आणि त्यासाठी दाबाखालची हवा सोडावी लागे. आजचं अंतर त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे, आणि हवा तबकडीच ओढून आणते.

घरून काम करणाऱ्या माणसाने नेटवर्क स्टोरेज, म्हणजे सगळे ज्याला ‘नॅस’ म्हणतात तो डबा, घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न पैशांचा असतो. स्वस्तातला घेतला तर फसू का? मला या प्रश्नाचं उत्तर फार आवडतं, कारण या डब्यामागची मूळ कल्पनाच स्वस्त डिस्कवर उभी आहे.

१९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा मोठ्या संगणकांना आयबीएम ३३८० सारख्या प्रचंड डिस्क लागत. निबंधात तुलनेला घेतलेली डिस्क ७५०० मेगाबाइटची होती. दुसरीकडे पीसीत बसणाऱ्या कॉनर कंपनीच्या छोट्या डिस्क होत्या, प्रत्येकी १०० मेगाबाइटच्या. तिघांचा प्रश्न साधा होता. एका महागड्या डिस्कऐवजी या शंभरेक किरकोळ डिस्क एकत्र का जोडू नयेत? हिशेब मांडला आणि गाडी लगेच अडली. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास टिकणार असेल, तर शंभर डिस्कपैकी कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत बंद पडणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! स्वस्त गोष्टींचा ढीग रचला तर भरवसा वाढायच्या ऐवजी कोसळतो.

त्यांनी दिलेला तोडगा ‘रेड’ या नावाने जगभर पोचला. त्यातली एक पद्धत कागद-पेन्सिल घेऊन करून पाहण्यासारखी आहे. संगणक देवनागरीतला ‘क’ साठवतो तो युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट्समध्ये. समजा हे तीन बाइट आपण तीन वेगळ्या डिस्कवर ठेवले:

पहिली डिस्क: १११०००००
दुसरी डिस्क: १०१००१००
तिसरी डिस्क: १००१०१०१

आता चौथी डिस्क घ्या. प्रत्येक उभ्या रांगेत किती ‘१’ आहेत ते मोजा. विषम असतील तर चौथ्या डिस्कवर १ लिहा, सम असतील तर ०. पहिल्या रांगेत तीन १ आहेत, म्हणून १. दुसरीत एक, म्हणून पुन्हा १. तिसरीत दोन, म्हणून ०. असं करत गेलात की मिळतं:

चौथी डिस्क: ११०१०००१

आता दुसरी डिस्क मेली असं धरा आणि तिच्यावरची ओळ हाताने झाका. उरलेल्या तीन ओळींवर तोच नियम पुन्हा लावा. पहिल्या रांगेत तीन १, म्हणून १. दुसरीत दोन, म्हणून ०. तिसरीत एक, म्हणून १. शेवटपर्यंत जा. हाती येईल १०१००१००, म्हणजे नेमकी झाकलेली ओळ. कुठली डिस्क जाणार आहे हे आधी माहीत असायची गरज नाही. पहिली झाका, तिसरी झाका, चौथी झाका, गेलेली ओळ दरवेळी परत येते. चौथ्या डिस्कवर ‘क’चा एकही तुकडा नाही, तरी ती कुठलाही एक तुकडा परत मिळवून देऊ शकते. प्रत्यक्षात डेटा एकेका बाइटने वाटला जात नाही, बरेच मोठे तुकडे पाडतात आणि हा हिशेबाचा भाग सगळ्या डिस्कवर आळीपाळीने फिरवतात. पण गणित हेच. चौथीतल्या मुलाला समजेल एवढं हे गणित आज जगभरच्या डेटा सेंटरांत रोज राबतं, आणि मला ते प्रत्येक वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटतं.

घरातल्या ऑफिसला मात्र बहुधा चार डिस्क लागतच नाहीत. त्या निबंधात सगळ्यात पहिली मांडलेली पद्धत आहे मिरर: दोन डिस्क, दोन्हींवर तोच मजकूर. निम्मी जागा जाते, पण एक डिस्क बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवते. जागेचा अंदाज आपल्या कामावरून बांधावा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल २५-३० मेगाबाइटची होते. लग्नाचे तीन हजार फोटो म्हणजे ७५-९० जीबी. चार टीबीच्या मिररमध्ये अशी चाळीसेक लग्नं बसतील. चार्टर्ड अकाउंटंटच्या पीडीएफ आणि एक्सेल फाइलींना तर ही जागा वर्षानुवर्षं पुरेल. त्यांना जागेपेक्षा काळाची चिंता जास्त. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात, आणि त्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा असा कंपन्यांसाठीचा नियम २०२२ पासून आहे. (चार टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ३.६३ दाखवतं. डिस्क बनवणारे दहाच्या पटीत मोजतात आणि विंडोज दोनच्या, एवढंच त्यामागे आहे. डिस्क खोटी नाही.)

डब्याच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. वेग खरा कुठे अडतो हे बघितलं की तिथे पैसे वाचतात. गिगाबिट केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. एक साधी आधुनिक हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइट देते. म्हणजे फिरती तबकडीसुद्धा तारेच्या पुढे आहे. मग दोन-तीन जणांच्या ऑफिसात फाइली ठेवायला महागड्या एसएसडी कशाला? त्यापेक्षा आधी राउटरच्या मागे वाकून बघा. इंटरनेटवाल्याने बसवून दिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांची पोर्ट १०० मेगाबिटचीच असतात, आणि त्यातून सेकंदाला १२ मेगाबाइटच्या वर काही जात नाही. हजार-दीड हजाराचा गिगाबिट स्विच मध्ये बसवून संगणक आणि नॅस दोन्ही त्याला जोडले की तोच डबा नऊपट वेगाने पळतो. मला ठाऊक असलेल्या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत स्वस्त.

क्लाउडशी तुलनाही याच गणिताने करून बघावी. एक टीबी डेटा ५० मेगाबिटच्या अपलोडने वर चढवायला ४४ तास लागतात. तोच घरातल्या गिगाबिट तारेवरून नॅसमध्ये अडीच तासांत उतरतो.

या तारेवरून विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच फोल्डरशी बोलतात, यामागची कथा मला डिस्कच्या भौतिकशास्त्राइतकीच विलक्षण वाटते. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल पीएचडी करत होता. त्याला आपला डॉसवर चालणारा पीसी युनिक्स यंत्रावरच्या फाइलींना जोडायचा होता. १९९१-९२ च्या त्या दिवसांत फाइली वाटून घेण्याची भाषा पीसीच्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये होती, पण तिचं व्याकरण त्याच्या हाताशी नव्हतं. मग त्याने तारेवरून जाणारी पाकिटं टिपायला सुरुवात केली. एक यंत्र काय विचारतं, दुसरं काय उत्तर देतं, हे बघत बघत त्याने ती भाषा उलगडली आणि तीच भाषा बोलणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना फुकट दिला. तो पुढे ‘सांबा’ झाला. आज दुकानातल्या बहुतेक सगळ्या घरगुती नॅसमध्ये आत लिनक्स असतं आणि त्यावर सांबा. डबा परवडतो त्यातलं बरंचसं श्रेय या मोफत वाटलेल्या कामाचं आहे.

मग डबा विकत घ्यावा, की हेच मोफत सॉफ्टवेअर जुन्या पीसीवर टाकावं? ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांपैकी काहीही फुकट उतरवून घेता येतं आणि अडगळीतला डेस्कटॉप पुन्हा कामाला लागतो. शिकायची हौस असेल तर जरूर करा. पण ‘फुकट’ म्हणून करणार असाल तर वीजबिल समोर ठेवा. दोन डिस्कचा तयार डबा साधारण २० वॅट घेतो. दिवसरात्र चालू ठेवला तर वर्षाला १७५ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ५२५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दरवर्षी साडेतीन हजारांचा फरक, म्हणजे चार-पाच वर्षांत तयार डब्याचे पैसे बहुतेक वसूल. कामाच्या माणसाने दोन डिस्क बसणारा, साधा प्रोसेसर असलेला, सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारख्या कंपनीचा खालच्या पायरीवरचा डबा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. एक अट मात्र ठेवावी: कंपनी त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट अजून देते आहे ना, हे विकत घेण्याआधी बघावं. सेकंडहँड घेताना तर नक्कीच.

डब्यावर वाचवलेले पैसे डिस्कवर घालावेत. इथे एक बारकावा आहे. जास्त डेटा मावावा म्हणून काही डिस्कमध्ये लिखाणाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. खालचं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. तसंच या डिस्कमध्ये मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला ती चालते. पण मिररमधली एक डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली, सलग तासन् तास लिखाण करावं लागलं, की ती दमते. कधी कधी तर इतका वेळ गप्प होते की डबा तिला मेलेली समजतो. या प्रकाराला एसएमआर म्हणतात, आणि नॅससाठी हवी असते ती पट्टे एकमेकांवर न चढवलेली, म्हणजे सीएमआर. २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही, तसं न सांगता, एसएमआर होत्या. तेव्हापासून कंपन्या आपल्या याद्यांमध्ये प्रकार लिहू लागल्या आहेत. सीगेटची आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलची लाल लेबलाची ‘रेड प्लस’ या सीएमआर आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, डिस्कवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते लगेच तपासा. आणि जमलं तर दोन डिस्क वेगवेगळ्या लॉटमधल्या घ्या. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर जन्मलेल्या दोन डिस्कमध्ये दोष असलाच तर तो दोघींत सारखा असू शकतो.

यूपीएस विसरू नका. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेला हिशेब मागे राहतो. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर डबा चालू राहतो, पण बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर त्याला सांगत नाही. यूएसबीने जोडलेला छोटा यूपीएस ते सांगतो, आणि डबा लिखाण आटोपून स्वतःहून बंद होतो.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेल्या जागेकडे येऊ. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून एक फोल्डर पुसलं तर मिरर ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी, तितक्याच इमानाने पुसतो. पिक्सारमध्ये १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ वर काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर एक चुकीची आज्ञा दिली आणि पाहता पाहता पात्रं, देखावे, बहुतेक सगळा चित्रपट नाहीसा झाला. बॅकअप काढले तर ते कधीपासून नीट होतच नव्हते, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. वाचवलं ते गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरातल्या संगणकाने. बाळंतपणानंतर ती घरून काम करत होती आणि तिच्या यंत्रावर चित्रपटाची प्रत येत असे. ते यंत्र चादरींत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, सावकाश स्टुडिओत आणलं गेलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओचा चित्रपट शेवटी एका होम ऑफिसने वाचवला.

आपल्यासाठी हीच गोष्ट उलटी करून लावायची: आपल्या होम ऑफिसची प्रत घराबाहेर हवी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा कशाला, असं विचारणाऱ्याने २६ जुलै २००५ आठवावी. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलेलं पाणी आठवावं. एका डब्यातल्या दोन्ही डिस्क एकदमच बुडतात. दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे ठेवलेली, दर महिन्याला अदलाबदल होणारी एक यूएसबी डिस्क तेवढ्यासाठी पुरे. तिच्यावर पासवर्ड घालून डेटा एन्क्रिप्ट करा म्हणजे झालं.

आणि इथेच मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण दुकानदार ती सहसा सांगत नाही. दोनच डिस्कचे पैसे असतील तर मिरर करू नका. एक डिस्क डब्यात घाला, दुसरीवर रोज बॅकअप घ्या आणि ती डब्यापासून दूर ठेवा. मिररमुळे मिळतं ते न थांबणारं काम, आणि बॅकअपमुळे टिकतो तो डेटा. घरच्या ऑफिसचं काम अर्धा दिवस थांबलेलं चालतं. तिसरी डिस्क घ्यायची ऐपत आली की मग मिरर.

खंडणीखोर व्हायरसचं भय असेल, आणि असायलाच हवं, तर स्नॅपशॉट देणारा डबा बघा. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिम जुना मजकूर जागच्या जागी खोडत नाहीत. बदल नव्या जागी लिहितात आणि खुणा तेवढ्या हलवतात. त्यामुळे काल संध्याकाळी सहाची अवस्था ‘धरून ठेव’ असं सांगितलं तर त्या क्षणाला जवळजवळ काहीच जागा लागत नाही. जुन्या खुणा जपल्या की झालं. ऑफिसातल्या लॅपटॉपमधल्या व्हायरसने सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या तरी कालचे सहा परत आणता येतात. सगळ्यात स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते, आणि एक पायरी वर चढण्याचं मला पटणारं कारण हेच. मात्र बाहेरून फाइली बघता याव्यात म्हणून राउटरचं पोर्ट उघडून ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने असे इंटरनेटला उघडे असलेले हजारो डबे गाठले होते. बाहेरून यायचं तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून या.

डबा आणल्यावर आपला खरा डेटा त्यात घालण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्यावी. चार फालतू फाइली टाकाव्यात, एक पुसावी आणि बॅकअपमधून परत आणून उघडून बघावी. मिरर केला असेल तर डबा बंद करून एक डिस्क बाहेर काढावी आणि पुन्हा चालू करावा. तो बीप देऊन ओरडेल, पण फाइली उघडतील. मग बंद करून डिस्क परत घालावी आणि ‘रिपेअर’ म्हणावं. पूर्ण चार टीबी सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने भरून निघायला साधारण साडेसात तास लागतात, आणि तेवढ्या वेळात त्याच डब्यावरची दुसरी फाइल उघडून काम करत बसता येतं.